तारेवरच्या मुंग्या

बल्ब लागला तेव्हा अंगणातले सगळे हसत होते, आणि मला एकटीला हसू येईना. का, ते मलाही लगेच कळलं नाही.

बल्ब लावला होता माझ्या वडिलांनी, शेषेरावांनी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये ग्रीसनं हात माखण्यात गेली. रिटायर होऊन निलंग्याजवळच्या आमच्या गावी आले आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यांच्या डोक्यात फुकटच्या विजेचं खूळ भरवलं. मोटारीनं डायनामो फिरवायचा आणि त्याच डायनामोनं मोटार चालवायची. हातानं गरका दिला की ते यंत्र जरा वेळ गुरगुरायचं आणि मान टाकायचं. अण्णा म्हणायचे, बेअरिंग जाम हाय. नवं बेअरिंग टाकलं तरी ते मान टाकायचंच.

"उतारावर न्यूट्रल टाकलं की गाडीला डिझेल लागतं का, तनुजा?" हा त्यांचा ठरलेला सवाल.

"आन् चढावर चढवली कुणी?" मी लातूरला शिवणकाम करते. पाय थांबला की मशीन थांबते, एवढं मला कळतं.

"तुला न्हाई कळायचं," म्हणून ते हसायचे. माणूस गोड आहे, आणि त्याहून जास्त हट्टी. त्याचा सगळा जाच मायला.

माय म्हणजे गुणाबाई. तिला शुगर आहे. पायाला जखम झाली तर भरायची नाही, म्हणून डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी फिरू नका असं बजावलेलं. तिला ते पटत नसे. त्यामुळे मी फोन केला की आधी "चप्पल घातलीस का?" असं विचारायचे, आणि मग "कशी हायस?"

यंदा श्रावणात माहेरी आले तर माय म्हणाली, "तारंला लई मुंग्या हायत गं." कपडे वाळत घालायची ती तार. तिचं एक टोक अंगणातल्या पत्र्याच्या शेडला बांधलेलं, दुसरं लाकडी मेढीला. अण्णांनी तारेवर मुंग्यांची पावडर भुरभुरली. पुढं ती म्हणाली, "हातालाच मुंग्या येऊन राहिल्या." मग तर प्रश्नच मिटला. शुगरवाल्यांना मुंग्या येतातच. चहात साखर घेते म्हणून आम्ही दोघांनी मिळून तिलाच झापलं.

अण्णांचं त्या दिवसांतलं नवं खूळ होतं हवेतली वीज. उंचावर पत्रा, जमिनीत सळई, मध्ये बल्ब. शेड पत्र्याचंच होतं, लाकडी मेढींवर उभं केलेलं. अण्णा वर्कशॉपचे जुने बूट घालून सकाळपासून तिथंच. सळई ठोकली, भोवती मिठाचं पाणी ओतलं, वायर जोडली. बल्ब आधी फडफडला आणि मग झक्क लागला.

"घरातलीच लाईट असंल, मेन बंद करा!" शेजारचे बजरंगकाका ओरडले.

अण्णांनी आत जाऊन मेन पाडला. घरातला पंखा थांबला. बल्ब तसाच जळत होता.

अण्णांचे डोळे भरून आले. "सांग तनुजा, कुठून येऊन राहिली मग ही?"

या माणसाला आयुष्यात कुणी काही फुकट दिलं नव्हतं, आणि आता एकदम आभाळ द्यायला लागलं?

"ओवाळते मी त्याला," माय म्हणाली. आमच्याकडे नवी मोटारसायकल असो की पाण्याची मोटार, मायचं हळदकुंकू लागल्याशिवाय ती कामाला लागत नाही. माय ताट घेऊन आली. पदर डोक्यावर घेतला आणि चप्पल काढली. पूजेला चप्पल कोण घालतं?

तिचे अनवाणी पाय मिठाच्या चिखलात रुतले. ओल्या कुंकवाचं बोट पत्र्याकडे निघालं. माझी नजर त्या बोटावरून पत्र्यावर गेली, तिथून वर पत्र्याच्या कडेला. खांबावरून घरात येणारी वायर त्या कडेवर टेकली होती, मीटरच्याही अलीकडे. वाऱ्यानं घासून घासून तिचं काळं साल निघालं होतं आणि आतली तार चमकत होती. मेन बंद करून तिला काय होणार होतं?

तारेला मुंग्या. हाताला मुंग्या.

धावून तिला धरावं तर मीही चिकटणार. तोंडातून निघाला तो रोजचाच शब्द.

"माय, चप्पल!"

ती थबकली. बोट पत्र्यापासून वीतभरही लांब नव्हतं. "अगं, देवाचं काम हाय, आन् चप्पल?"

"पाया पडते तुझ्या, मागं सर. पत्र्यात करंट हाय!"

अण्णांनी बल्बकडे पाहिलं, मग वर वायरकडे, मग मायच्या पायांकडे. त्यांना पुढं सांगावं लागलं नाही. "गुणा," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "हात खाली घे. मागं ये."

ती मागं आली. ताट तिच्या हातातून पडलं.

बजरंगकाकांनी लाइनमनला बोलावलं. त्यानं खांबावरून वायर सोडवली आणि बल्ब विझला. अण्णा ओट्यावर बसून कपड्यांच्या तारेकडे बघत होते. म्हणाले, "रोज ओले कपडे टाकत होतीस गं तू त्या तारंवर."

"चप्पल होती की पायात," माय म्हणाली, आणि मग तीच रडायला लागली.

यंत्र भंगारात गेलं. वायर बदलली, तार काढून नायलॉनची दोरी बांधली. फुकटच्या विजेचं अण्णा आता नाव काढत नाहीत. पण माय कपड्यांची बादली घेऊन बाहेर आली की हातातलं काम टाकून तिच्या आधी पोचतात आणि दोरीला उलट्या हातानं शिवून बघतात. मेकॅनिक लोक असंच शिवतात, करंट असला तर हात मिटून चिकटू नये म्हणून. नायलॉनच्या दोरीत करंट कुठून येणार, हे त्यांना माझ्यापेक्षा बरं कळतं.

माय ओलं लुगडं हातात धरून थांबते. "बघितलं का?" ती विचारते.

"हाव, घाल," ते म्हणतात, आणि तिच्या पायांकडे बघतात.