सासऱ्यांना शनी दाखवला त्याची गोष्ट

माझ्या सासऱ्यांना मी एकदा शनी दाखवला. मुद्दाम घरी थांबवून, आदराने, बसायला पाट मांडून दाखवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीची वर्षं होती. मी नंदुरबारात मास्तर होतो आणि पोरांना भूगोल शिकवायचो. पृथ्वी गोल आहे, पृथ्वी गोल आहे, असं रोज ओरडून सांगता सांगता एक दिवस वाटलं, आकाशातले बाकीचे गोल तरी एकदा बघावेत! (इथूनच सगळं बिघडलं.) दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला गेलो होतो तो सायकलला नवी सीट बसवायला. सायकल आगगाडीतून सोबत नेली होती. तिथल्या जुन्या बाजारात एका दुकानाच्या कोपऱ्यात पितळी दुर्बीण आडवी पडलेली दिसली. कुठल्याशा जहाजावरची होती म्हणे. सहज उचलून समोरच्या मनोऱ्याकडे रोखली, तर मनोऱ्यावरचं कबुतर एकदम माझ्या नाकाशी येऊन बसलं! मी घाबरून दोन पावलं मागे सरलो. दुकानदार हसला. गिऱ्हाईक गळाला लागलं हे त्याने ओळखलं असावं, कारण परतीच्या गाडीत माझ्याजवळ नवी सीट नव्हती आणि सायकलही नव्हती.

स्टेशनापासून घरापर्यंत ते पितळी नळकांडं खांद्यावर टाकून चालत आलो. माझी बायको, मथुरा, दारातच उभी होती.

"सायकल कोठे शे?"

"हिच्यात आहे," मी दुर्बीण पुढे केली.

तिने शांतपणे एक डोळा मिटला, नळीत पाहिलं आणि म्हणाली, "माले तं नही दिखी ऱ्हायनी."

त्या संध्याकाळी धाब्यावर चढून मी चंद्र पाहायला गेलो. (आमच्याकडे घरांना मातीची सपाट धाबी. त्यावर पापड, धान्य, मिरची असं सगळं वाळत पडायचं. आता त्यात माझी भर पडली.) चंद्र दिसला खरा, पण माझ्या प्रत्येक श्वासाबरोबर तो उडी मारून नळीबाहेर जाई! शेजारच्या रहीमचाचांनी कठड्यावरून माझी धडपड पाहिली. ते सुतार होते.

"मास्तर, तिपाई करी देस ना मी! लाकूड तेवढं आना, वायेल पायजे बरं का!"

चांगलं वाळलेलं लाकूड घरात एकच होतं, ती माझी खाट. दुसऱ्या दिवशी तिचे पाय दुर्बिणीखाली गेले.

"आते निजशात कोठे?" मथुराने विचारलं.

"निजायचं कुणाला आहे!" मी म्हणालो.

आणि खरंच, काय दिवस होते ते! शाळा सुटली की मी धाब्यावर. सूर्य बुडाला तरी माती ऊन लागायची. खाली चुली पेटायच्या, धूर गल्लीभर आडवा पसरायचा, स्टेशनात शंटिंगची शिट्टी व्हायची, आणि मग कुणी हाक मारल्यासारखी एकेक चांदणी बाहेर यायची. चंद्रावरचे खड्डे पाहताना वाटे, आपणच तिथे कडेला पाय सोडून बसलोय. एकदा पिवळट ठिपका सापडला. नळी जरा पुढेमागे केली आणि त्या ठिपक्याभोवती कडं दिसलं! शनी! पुस्तकातल्या चित्रातला शनी, खरोखरचा, माझ्या धाब्यावर! मी मोठ्याने हसलो, त्याच्याशी चार शब्द बोललोही.

ते चार शब्द कोरीटपर्यंत गेले. कोरीट म्हणजे मथुराचं माहेर. जाताना शब्द वाढतात. जावयाने सायकल देऊन टाकली, खाट तोडली, आता जमिनीवर झोपतो आणि संध्याकाळी एकटाच आभाळाशी भांडतो, अशी बातमी माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, कानावर गेली. आबा मोठे शेतकरी, बोलणं कमी. त्यांनी बैलांची दमणी जुंपली आणि तडक आमच्या दारात उभे राहिले.

"मथुरा, लुगडं-पातय बांध. जवाईबापू बरा व्हतीन तवलोंग कोरीटले चाल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मथुरा गेली तर मी आकाश पाहून खाली यायचो कुणाकडे? "आबा, एवढी संध्याकाळ थांबा. मी काय पाहतो ते एकदा बघा. मग वेडा म्हणालात तरी चालेल!"

आबा मुक्काम करणार म्हणून मथुराने आधी धाबं आवरायला सांगितलं. आबांनीच पाठवलेली लाल मिरची तिथे वाळत होती. दव पडायच्या आत ती गोळा करायची होती. मी घाईने माझ्या उपरण्यात भरभरून ती खाली नेली, मग आबांसाठी पाट मांडला, शनी नळीत धरला आणि पाहुण्यांना सगळं स्वच्छ दिसावं म्हणून डोळा लावायची काच पुसून लख्ख केली. त्याच उपरण्याने!

आबा पाटावर बसले. त्यांनी पागोटं मागे सारलं, डोळा काचेला टेकवला.

"काय शे हाई?"

"शनी!" मी अभिमानाने म्हणालो.

"ओ माय वं!" आबा पाटावरून उडाले. "डोया जयना मन्हा! शनि? सोताना सासराले घर बसाडीसन शनि दखाडा तुम्ही?"

"आबा, तो फक्त ग्रह आहे..."

"गिऱ्हाच शे! त्यानी दृष्ट लागनी माले!"

रहीमचाचा कठडा ओलांडून धावत आले. "शनि-बिनि आम्ही नही मानतस. सरका बाजू!" त्यांनी डोळा लावला. मग ते तिथेच खाली बसले. "या अल्ला! हाऊ तं समदासले धरस!"

आता भूगोलाची अब्रू माझ्या हातात होती. मी छाती पुढे काढली आणि स्वतः डोळा लावला. अंगार! पण शास्त्रासाठी मी हललो नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, आणि मी हुंदके देत सांगत होतो की शनी हा अत्यंत निरुपद्रवी ग्रह आहे!

खाली गल्लीत बाया जमल्या. धाब्यावर तीन बाप्ये रडताना त्यांनी पाहिले आणि एकीने विचारलं, "कोन गयं वं?" दुसरीने तर पदर तोंडाला लावून रडायला सुरुवातही केली.

मथुरा कंदील घेऊन वर आली. तिने आम्हा तिघांकडे पाहिलं, मग दुर्बिणीशी वाकली आणि लागोपाठ शिंकली.

"आबा, हाऊ शनि नही शे. हाई मिरची शे."

"मिरची?"

"तुमना वावरनी. यास्नी उपरनंघाई काच पुशी."

आबांचा एक डोळा मिटलेला होता, पण दुसरा हळूहळू चमकायला लागला. "मन्ही मिरची?" ते ताठ बसले. "तरीच म्हनी ऱ्हायनू, शनिमा इतला दम कोठून उना!" आणि मांडीवर थाप मारून ते असे हसले की रहीमचाचाही डोळा चोळत हसायला लागले.

मथुराने सगळ्यांच्या डोळ्यांना तूप लावलं. काचही धुऊन तिने आपल्या पदराने कोरडी केली. मी चाचपडत नळी पुन्हा शनीवर आणली.

"तू बघ," मी म्हणालो. इतक्या दिवसांत तिला हे एकदाही म्हणालो नव्हतो.

ती वाकली. खाली गल्ली निवली होती, गार वारा सुटला होता, कुठेतरी बैलाची घंटी हलत होती.

"कडं घालेल शे त्यानी," ती अगदी हळू म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर ते गळून पडेल. "कोन घाली दिन्हं व्हई?"

आबाही उठून तिच्याशेजारी उभे राहिले. "माले बी दखू दे, बेटा," म्हणाले. मग दोघं बापलेक आळीपाळीने नळीत पाहत राहिले आणि मला जवळ यायलाच मिळेना.

सकाळी आबांनी दमणी जुंपली. मथुराने काल बांधलेलं गाठोडं दारात तसंच होतं. माझा जीव टांगणीला लागलेला. आबांनी कासरा हातात घेतला आणि म्हणाले, "मन्ही आंडेरले, मथुराले, आठेच ठेयी जास. घरमा एक तरी शहानं मानूस पायजे!"

मी नम्रपणे मान लववली. म्हटलं, "आपली कृपा, आबा. माझ्याबद्दल इतका चांगला ग्रह झाला, त्यातच सगळं आलं!"

दमणी वळणापलीकडे गेली, मथुरा दाराची चौकट धरून पोट दुखेपर्यंत हसायला लागली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.