पालमच्या माळवदावरून मीरा तारा

गंगाखेड मागे पडले आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा सुरू झाल्या. एस.टी.ची धूळ अंगावर बसत होती, तरी त्या मान वर न करता हातोडे चालवत होत्या. शेते काळी, भेगाळलेली. अशा दुष्काळी मुलखात मी तारे बघायला निघालो होतो, याची लाज वाटत होती. मांडीवर छापील नकाशांची गुंडाळी होती.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, "मोजणीचे साहेब हाव का?"

"नाही. आकाशाचे नकाशे आहेत."

"मंग बघा की त्यात, पाऊस कुठं अडकलाय."

आजूबाजूचे हसले. मला हसता आले नाही.

पालमच्या स्टँडवर खंदारे गुरुजी आले होते. पत्रांतून आमची जुनी ओळख, भेट पहिलीच. मी पुण्यात कारकून, ते इथे शाळामास्तर. नाद एकच, तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवण्याचा. घरी जाताना बाजूने आलेल्या सायकलला ते धडकता धडकता वाचले. "पोरं बघतच न्हाईत," ते म्हणाले. सायकलवाल्याने मात्र घंटी वाजवली होती.

घर मातीचे, वर माळवद (मातीचे सपाट छत). भिंतीवर बुद्धाची तसबीर. वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीचे कोरड्यास (पातळ भाजी) वाढले. गुरुजी दुर्बीण वर न्यायला गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना कडंचं दिसंना गेलंय. परभणीला डॉक्टरकडं चला म्हणलं की म्हणतेत, मला इतका बारीक तारा दिसतो अन् तू डोळे गेले म्हणतीस. तुमचं ऐकतेत ते. तुमी सांगा."

मी शब्द दिला.

अंधार पडताच आम्ही माळवदावर चढलो. वहिनीही कंदील बारीक करून जिन्यापाशी बसल्या. गुरुजींनी स्वतः आरसा घासून केलेली दुर्बीण मी तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा ताऱ्यावर लावली. नकाशात त्याच्या शेजाऱ्यांपुढे ६४, ७१ असे आकडे असतात, म्हणजे ६.४ आणि ७.१. दशांशाचा ठिपका मुद्दाम छापत नाहीत, कारण तो तारा वाटेल. आकडा मोठा तितका तारा मंद. शेजाऱ्यांशी तुलना करून मीराचा आकडा ठरवायचा. प्रत्येकाने एकट्याने बघायचे, मग आकडे बोलायचे, अशी आमची रीत.

"आज पैजच लावू," गुरुजी बायकोकडे वळून म्हणाले. "साहेबांचा अन् माझा आकडा जुळला तर डॉक्टरचं नाव काढायचं न्हाई. न जुळला तर उद्याच्या गाडीनं जातो."

मी बघितले. माझा आकडा ५९ होता. बाजूला होताना माझा गुडघा दुर्बिणीच्या तीन पायांच्या तिकाटण्याला लागला आणि नळी चांगली हातभर खाली झुकली. मी काही बोलायच्या आत गुरुजी वाकले होते. बराच वेळ त्यांनी डोळा लावून ठेवला.

"दिसला. सदुसष्ट."

मी पुन्हा नळीतून पाहिले. तिथे मीरा नव्हता, नकाशातला एकही शेजारी नव्हता. मी मान वर केली. कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखा झाला होता.

"माझाही सदुसष्ट," मी म्हणालो.

"ऐकलंस का?" ते लहान मुलासारखे हसले. वहिनी उठून खाली गेल्या.

सकाळी भाकरी बांधून देताना त्यांनी विचारले, "नळी खाली गेल्ती ना?"

मी नकाशांची गुंडाळी बांधू लागलो.

"मी बघितली. मी बोलले असते तर बाईमाणसाला काय कळतंय, म्हणले असते. म्हणून तर तुमाला सांगितलं होतं."

दोघेही मला स्टँडवर पोचवायला आले. गुरुजी वाटभर पुढच्या हिवाळ्याचे बेत सांगत होते. मी गाडीत बसलो. कंडक्टरने दार ओढले तेव्हा माझ्याने राहवेना. खिडकीतून वाकून म्हणालो, "गुरुजी, काल नळी सरकली होती. तुम्ही बघितलंत तिथे मीरा नव्हता. माझा आकडा एकोणसाठ होता. डॉक्टरकडे जा."

ते माझ्या आवाजाच्या दिशेने, पण जरा बाजूला बघत उभे राहिले.

"मग मी काय बघितलं, साहेब?"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. धुळीतून शेवटचे दिसले ते एवढेच, की वहिनी त्यांचा दंड धरत होत्या आणि ते तो सोडवून घेत होते.

पुण्यात परतल्यापासून मी स्वतःची समजूत घालतो की शेवटी खरे बोललो. पण बोललो ते गाडी सुटताना, खिडकीच्या आतून. त्यांच्या प्रश्नापाशी थांबायला मी उतरलो नाही. परभणीकडे दुपारी आणखी एक गाडी होती, आणि मला घाई कसलीच नव्हती.