मामांची खरखर

माझ्या बायकोच्या मामांइतका विश्वाच्या बालपणाशी घरोबा असलेला माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरा नव्हता. नातवंडांची नावं ते हमखास चुकवत. पण पहिले तारे पेटण्याआधीचा अंधार शेजारच्या आळीत पडल्यासारखा वर्णन करत. सणसरच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते, तरी शिकवणं थांबलं नव्हतं. फक्त विद्यार्थ्यांना पळायची मुभा मिळाली होती. एका लग्नात आशीर्वाद द्यायला उठलेल्या एका पुढाऱ्याने स्वतःचंच भरपूर कौतुक केलं आणि मग माईक मामांच्या हाती आला. "विश्वातला बराचसा माल दिसतच न्हाय," मामा म्हणाले. "तो हळूहळू कुजत आसंल, तर त्याच्या उबेनं तवाचा, तारं पेटायच्या आधीचा, थंड वायू तापला आसंल, आन् वायूनं रेडिओलहरींवर उमटवलेली खूण फिकी पडली आसंल. उकिरड्यात हात घालून बघा, आतनं गरम लागतो." वऱ्हाड जेवायला उठलं. मला मात्र दोन भाषणांपैकी हेच समजलं.

नव्वदच्या दशकात वीज गेली की सगळं सणसर शिव्या द्यायचं, आणि मामा खुशीत ट्रान्झिस्टर घेऊन ओसरीवर यायचे. विहिरींवरच्या मोटारी बंद, लहरींत लुडबूड नाही. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून ते नुसती खरखर ऐकत. शेजारचे तात्या म्हणत, "मास्तर, तुमच्या विश्वाला सर्दी झालीया." मामा शांतपणे सांगत, "ह्यात तवाचंबी काहीतरी हाय. आपल्याला निवडता येत न्हाय, एवढंच."

पुढे एकदा रेडिओ बिघडला म्हणून त्यांनी तो माझ्याबरोबर बारामतीला दुरुस्तीला पाठवला. दुकानदाराने लावला, तर खरखरीने दुकान भरून गेलं. रेडिओ ठणठणीत होता. मामांचे कान गेले होते. उभा जन्म ज्याला कान लावले, तेच आता त्यांना ऐकू येणार नव्हतं. परत नेऊन दिला, तेव्हा मला ते सांगवेना. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "कळलं."

त्या संध्याकाळी वीज गेली. तात्या न बोलावता ओसरीवर आले आणि रेडिओ कानाला लावून बसले.

"हाय का?" मामांनी विचारलं.

"हाय की!" तात्या त्यांच्या कानाशी ओरडले. "पर पयल्यापरीस फिकी वाटतीया. कुजतंय म्हना की, मास्तर!"

मामा खळखळून हसले. "येड्या, सेल उतरलं आसतील."

दुसऱ्या दिवशी तात्या नवे सेल घेऊन आले, आणि पुढे येतच राहिले. आता मामा नाहीत. वीज गेली की सणसर अजून शिव्या देतं. तात्या तेवढे उठून त्या ओसरीवर जातात.