रविवारी राणीशी भांडणारे काका

आमच्या नवघरच्या इमारतीत पाण्यावरून भांडणारे होते, जिन्यातल्या चपलांवरून भांडणारे होते. पण सातशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माणसांशी दर रविवारी नेमाने भांडणारा माणूस अख्ख्या भाईंदरात एकच, आमच्या समोरचे काका. मूळचे रत्नागिरीकडचे, एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर. एरवी माणूस इतका मवाळ की टँकरवाल्याने अर्धीच टाकी भरली तरी त्याला 'थँक्यू' म्हणून येणार. पण टीव्हीवर ऐतिहासिक मालिका लागली रे लागली, की काकांच्या अंगात आलंच म्हणून समजा.

मजल्यावर रंगीत टीव्ही तेव्हा त्यांच्याचकडे, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये ठाण मांडायचो. खाली दुकान चालवणाऱ्या गुजराती भाभी, वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका जाधवबाई, मी, आणि काकांची मुलगी सुषमा, माझी मैत्रीण. मालिका बघायला म्हणून जायचो आणि काकांना बघून यायचो. राजाच्या पंगतीत हिरवी मिरची दिसली की काका ताडकन उठायचे. मिरची अजून समुद्रापलीकडे आहे आणि हा चावतोय काय, असं राजाला विचारायचे. त्या काळी बटाटाही नव्हता, हे त्यांनी एकदा ऐन बटाट्याच्या भाजीवर सांगितलं, तेव्हा काकूंनी त्यांच्यापुढचं ताटच उचललं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही त्या काळातच जेवा." काका त्या दिवशी दहीभातावर राहिले, पण मुद्दा सोडला नाही.

मिरची-बटाटा तरी ठीक. काकांचा खरा राग मालिकेतल्या विचारांवर. राजपुत्र म्हणाला, प्रजेचा कौल घेऊ, की काका म्हणणार, घ्या, हा आता निवडणूक लावतोय. राणीने बायकांच्या बरोबरीवर भाषण सुरू केलं की यांचे हात कपाळावर. "अगं बाई, त्या काळी तुला विचारत होतं कोण? मुकाट्याने पडद्याआड जाऊन बस." भाभी काकुळतीला येऊन म्हणायच्या, काका, रानी को बोलने दो ना. पण काका कसले ऐकतायत!

एका रविवारी मालिकेत सगळं गाव, सगळ्या जातींचं, एकाच विहिरीवर हसतखेळत पाणी भरत होतं. काका उसळले, हे साफ खोटं आहे म्हणाले. आम्ही त्यांना गप्प करणार तेवढ्यात जाधवबाईच बोलल्या. त्या मराठवाड्यातल्या, बौद्ध कुटुंबातल्या, एरवी फार न बोलणाऱ्या. "काका बरोबर बोलतायत. माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तेसुद्धा कुणाला दया आली तर. तेव्हाच सगळं असं गोड होतं, तर आमची माणसं भांडली कशासाठी?" काकांनी स्वतः उठून टीव्हीचा आवाज बारीक केला.

पण सुषमाच्या कानात अडकून बसलं होतं ते भलतंच. मीरा रोडच्या एका ऑफिसात ती हिशेब बघायची आणि त्या नोकरीवर तिचा जीव. त्यात ठाण्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला, पण त्या घरात सुना नोकरी करत नाहीत, असं कानावर आलेलं. गच्चीवर कपडे काढताना ती मला म्हणाली, "मला नोकरी सोडायची नाहीये गं. पण बाबांना काय सांगणार? ते राणीला बोलू देत नाहीत, मला देतील?" मी सांगते, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं आणि गेलेही. काकांनी मला बसवून राजाच्या अंगरख्याला चेन कशी दिसली ते तासभर ऐकवलं, आणि मी चहा पिऊन परत आले.

पाहुणे आले ते नेमके रविवारी, नेमके मालिकेच्या वेळेला. काकूंनी टीव्ही झाकून ठेवला होता आणि काकांना शपथ घातली होती. पण मुलाचे वडीलच म्हणाले, लावा हो, आम्हीही चुकवत नाही. त्या दिवशी राजाने भर दरबारात खजिन्याच्या किल्ल्या लेकीच्या हातात दिल्या. मुलाच्या वडिलांनी डोळे पुसले. बघा, आपल्यात पूर्वीपासून लेकीबाळींना केवढा मान, म्हणाले. काका शपथेला जागून गप्प. मग पोह्यांचा घास घेता घेता तेच गृहस्थ म्हणाले, लग्नानंतर हिच्या नोकरीचं तेवढं बंद करू, आमच्या घरात ते चालत नाही.

सुषमा ट्रे घेऊन तशीच उभी. काका उठले, त्यांनी टीव्ही बंद केला. आता शपथ मोडली, म्हणून काकूंनी डोळे मिटले. पण काका अगदी हळू बोलले. "त्या राजाने लेकीच्या हातात किल्ल्या कधीच दिल्या नसतील हो. त्या काळी ते शक्यच नव्हतं. आज शक्य आहे, तर तुम्ही नको म्हणताय." मग ते सुषमाकडे वळले. "तुला सोडायचीय नोकरी?" तिने मान हलवली, नाही. "मग नाही," काका म्हणाले आणि पाहुण्यांना आणखी पोहे वाढायला सांगितले. नंतर त्यांना रिक्षापर्यंत पोचवूनही आले.

परत आले तर सुषमा रडत होती. मला वाटलं तुम्ही मला बोलूच देणार नाही, म्हणाली. काकांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "मी राणीला गप्प बसवत होतो गं. तुला कशाला बसवेन? एवढी वर्षं एका घरात राहतोय आपण, आणि तू मला एकदा विचारलंसुद्धा नाहीस?"

भांडण काही थांबलं नाही. थांबतंय कशाला! फक्त त्यानंतर राणीला ओरडून झालं की काका मान वळवून म्हणायचे, "सुषमा, हे तिला हं, तुला नाही." पुढे सुषमाने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि नोकरीसकट नाशिकला गेली. मी मात्र रविवारी जात राहिले. ओरडून झालं की काकांची मान सवयीने वळायची, आणि तिथे मी बसलेली असायचे. क्षणभर ते माझ्याकडे बघत राहायचे. मग मीच म्हणायचे, कळलं काका, तिला.