मधल्या नळ्यातली चिंधी

सोलापूरच्या सरकारी कोरडवाहू शेतीच्या प्रयोगशेतावर मी कारकून होतो, तेव्हा शेजारच्या रानाचा मालक रोज बांधावर येऊन बसायचा. त्याचं नाव कधी विचारलं नाही. विचारायला त्यानं बोलणं थांबवायला हवं होतं ना!

पानाला चुना लावता लावता तो आमची विरळ पेरलेली ज्वारी न्याहाळायचा. "बियाणं कमी पडलं का सरकारला?" दोन ओळींत अंतर ठेवलं की ओल पुरते, हे साहेबांनी त्याला तीनदा समजावलं. "व्हय की," म्हणायचा, आणि साहेबांची पाठ वळली की खो खो हसायचा.

त्या साली पावसानं दगा दिला. त्याची दाट ज्वारी करपली. आमची कणसं धरून उभी राहिली. महिनाभर तो बांधावर फिरकला नाही.

पुढल्या पेरणीला पाहतो तर तीन नळ्यांतून बी सोडणाऱ्या त्याच्या तिफणीच्या मधल्या नळ्यात चिंधी कोंबलेली.

"नळा तुंबलाय की हो," मी म्हणालो.

"उंदरं लई माजल्यात," असं म्हणून त्यानं सबंध रान तसंच, मधली ओळ रिकामी सोडत पेरलं.

पीक झकास आलं. तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी बांधावर जाऊन विचारलं, एवढं अंतर कसं ठेवलंत?

"आमच्या आज्ज्यापासनं हाय," म्हणत त्यानं ओलीचं सगळं शास्त्र सांगितलं. साहेबांनी वही काढली. मी मोठ्यानं खोकलो.

"लिवून घ्या सायेब," तो म्हणाला. "आन् ह्या कारकुनाला औषिद द्या. त्याला लई खोकला हाय."