वीतभर टाके

कल्पना करा, शिलाई मशीनचे, कापड पुढे ढकलणारे दाते तुम्ही खाली उतरवलेत. आता कापड आपोआप पुढे सरकत नाही, ते दोन्ही हातांनी तुम्हीच फिरवायचं. पेन जागेवर ठेवून खालचा कागद फिरवत चित्र काढावं तसं. पाय जोरात आणि हात हळू पडला, की टाके एकमेकांच्या अंगावर चढतात.

रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या सुनेला हे नवं वेड लागलं होतं. सासूबाईंचे डोळे गेल्यापासून त्यांनी हाताने अर्धी शिवलेली गोधडी कपाटात पडून होती.

"उरलेली मी मशीनवर वेलबुट्टीने भरते, आई."

"भर बाई. तुझी मशीनही तुझ्यासारखीच घाईची. फक्त माझ्या टाक्यांना धक्का लावू नकोस."

आधी चिंधीवर हात बसवायचा, हे तिला ठाऊक होतं. पण धीर कुणाला? पहिलीच वेल भरकटली आणि थेट सासूबाईंच्या टाक्यांत घुसली. गोधडी उलटून पाहिली, तर खाली दोऱ्याचा नुसता गुंता. तो उसवताना त्यांचे वीतभर टाकेही कापले गेले. तिने ते गुपचूप हाताने पुन्हा घातले.

पूर्ण झालेल्या गोधडीवरून सासूबाईंनी बोटं फिरवली. नेमक्या त्या वीतभर जागेवर बोटं थांबली.

"इथे माझा हात थरथरला होता वाटतं," त्या हसून म्हणाल्या.

सून "हो" म्हणाली. अजूनही गोधडीची घडी घालताना ती त्या जागेशी थांबते.

आईंना कळलं होतं का?