धुराड्यातला वारा

सुरुवातीलाच सांगते, या सदरातले अनुभव मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचते. पांढऱ्या साडीतल्या बायका, पैंजणांचे आवाज... आणि एकालाही उठून लाइट लावावासा वाटत नाही! मी इंजिनिअर आहे, जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. तेव्हा खालचं वाचून मला तुमच्यात धरू नका.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही शहराबाहेर जुनं घर घेतलं. खालच्या खोलीत कामिनोफेन आहे — काचेच्या दाराची, लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी. आधीच्या मालकाने ती कित्येक वर्षं पेटवलीच नव्हती. नवरा, निखिल, म्हणाला, "शोर्नश्टाइनफेगर येऊन धुराडं साफ करू दे, मगच पेटवू." धुराडी साफ करणारा हा काळ्या कपड्यातला माणूस इथे भारी शुभ मानतात. शेजारची बाई, स्वतः डॉक्टर, त्याच्या कोटाच्या बटणाला हात लावते. आणि हे लोक आपल्याला अंधश्रद्धाळू म्हणणार! त्याची टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, पुढच्या आठवड्यातली. कशाला थांबायचं? मी राख काढली, ओल्या वर्तमानपत्राने काच लख्ख घासली. झाली की साफ.

घाई होती, कारण सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून त्या त्याच खोलीत झोपायच्या. हीटर फुल असूनही दिवसभर त्यांचं "गारठा किती गं हा!" चालूच. मी म्हटलं, एकदाची शेगडी पेटवून देते आणि खोलीचं दार लावून घेते. दुपारभर झोपतील, माझ्या मीटिंगा तरी शांततेत होतील.

काडी ओढली, शेगडीपाशी नेली, विझली. दुसरी, तिसरी... सगळ्या विझल्या. लायटरही तसाच. स्वयंपाकघरात मेणबत्ती मात्र मस्त पेटली. ती घेऊन आले, तर शेगडीच्या तोंडाशी विझली.

"अगं, कोणीतरी फुंकतंय," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

"अहो आई, धुराड्यातून वारा खाली येतोय. फिजिक्स आहे ते."

"असेल बाई. पण नको पेटवूस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गार हवा जड असते, ती खाली उतरते, असं सगळं त्यांना शाळेतल्यासारखं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसरी शाल मागितली. काडेपेटी संपली, मी नाद सोडला.

पुढच्या आठवड्यात तो शुभ माणूस आला. बूट न पुसता आत, हॅलो नाही, काही नाही. छपरावरून सोडलेला त्याचा ब्रश मध्येच अडकला. मग त्याने काड्या, माती, पिसं अशी पोती भरून काढली. कावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांनी वर्षानुवर्षं घरटी करून धुराडं गच्च बुजवलं होतं.

"पेटवली नाहीत ना?" तो माझ्यावर खेकसला. "सगळा विषारी वायू खोलीत आला असता. इथे झोपलेला माणूस उठलाच नसता."

निखिल पांढराफटक पडला, आईच्या पलंगाकडे बघत राहिला. मी मात्र दुसरीकडेच अडकले होते. धुराडं गच्च बुजलेलं, खिडक्या हवाबंद... मग माझा तो वारा आला कुठून?

तुम्ही लगेच लिहाल — पितर, कुलदेवी, सासूबाईंची पुण्याई. खुशाल लिहा, मी वाचणार नाहीये. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडे तर नाहीच नाही. फक्त एक गोष्ट मी निखिललाही सांगितलेली नाही. दर वेळी काडी विझताना माझ्या बोटांना हवा लागत होती, आणि ती गार नव्हती... ऊन होती, कुणाच्या तोंडाजवळ हात धरल्यावर लागते तशी.